‘पातळ’ या शब्दावरचं आपलं भांडण

रफिकभाऊ,

काल मंगळवार होता आणि मी दवाखान्यात जाऊन आले. जाऊ की नको, असं सकाळपासून मनात चाललं होतं. तुमच्या खुर्चीत दुसरं कोणी बसलेलं कसं बघायचं? पण तुमचंच बोलणं आठवलं. माझी मावससासू वारली तेव्हा मी तपासणीची एक पाळी चुकवली होती आणि तुम्ही सगळ्यांसमोर म्हणाले होते, “ताई, जाणारं माणूस मंगळवार बघून जात नाही. आपल्याला मात्र मंगळवार बघूनच जगायचंय.” तेव्हा मला राग आला होता. मयताच्या घरच्या माणसाला असं कोणी बोलतं का? काल तोच राग पदराला बांधला आणि निघाले. तुमच्यासाठी तुमचाच मंगळवार चुकवला असता तर तुम्ही वरूनसुद्धा ओरडले असते.

हे कुणाला दाखवायला लिहीत नाही. चारचौघांत माझ्या तोंडातून शब्द निघत नाही हे तुम्हाला माहीत होतं. शाळा चौथीत सुटली, पण कागदावर मला बोलता येतं. तुम्ही कसे गेले, किती दिवस आजारी होते, हे सगळं लोक सांगतच आहेत. मला ते लिहायचं नाही. मला तुमच्याशी राहिलेलं बोलायचं आहे.

आठवतं का, मी पहिल्यांदा तुमच्या खोलीत आले तो दिवस? छातीत धातूची झडप बसवली तेव्हापासून माझ्या आत घड्याळासारखं वाजतं. हळदीकुंकवाला बसलं तर बायका इकडेतिकडे बघायच्या, कुणाचं घड्याळ टिकटिकतंय म्हणून. मी पदर छातीवर घट्ट धरून बसायची आणि पहिलीच उठून यायची. तुमच्या खोलीत आले तशीच, पदर आवळून. औषधाच्या खिडकीमागची ती लहान खोली, दोन बाकडी, भिंतीला पोतेऱ्याचा वास. तुम्ही माझ्याकडे एकदा बघितलं, उठून दार लावलं आणि सगळ्यांना म्हणाले, “एक मिनिट सगळे गप्प बसा बरं.”

सगळे गप्प बसले. आणि खोलीभर टिकटिक सुरू झाली. एक हळू, एक जोरात, एक मध्येच अडखळून परत धावणारी. तुम्ही म्हणाले, “लाजू नका ताई. इथे सगळेच वाजतात.”

घरी जाऊन मी पहिल्यांदा पदर सैल सोडून बसले, भाऊ. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही.

तुमच्या आधी काय होतं ते मी विसरलेली नाही. झडपेवर रक्त गोठू नये म्हणून जन्मभर गोळी घ्यायची. गोळी कमी पडली तर रक्ताची गुठळी होणार, जास्त झाली तर कुठूनही रक्त जाणार. म्हणून दर काही दिवसांनी रक्त तपासून आकडा बघायचा. पण तो आकडा दाखवायला मोठ्या डॉक्टरांच्या रांगेत दिवस जायचा. त्यांच्यासमोर गेलं की ते म्हणायचे, “हिरवी भाजी खायची नाही, पुढचा.” दोष त्यांचाही नव्हता, रांग पार जिन्यापर्यंत असायची. मग तुम्ही डॉक्टरांना म्हणाले, गोळ्या मीच देतो, तर आकडाही मलाच बघू द्या, गोळी कमीजास्त करायची असेल तेव्हा तुम्हाला विचारेन. आणि मंगळवार सुरू झाला. बोटाला टोचायचं, थेंब मशीनवर ठेवायचा, आणि आकडा बरोबर आला की तुम्ही टेबलावर थाप मारून ओरडायचे, “जागेवर!” जसा काही कुणाचा बैल पोळ्यात पहिला आला. बाकड्यावरची माणसं हसायची. ज्याचा आकडा जागेवर त्याला उगाच निवडून आल्यासारखं वाटायचं.

माझा आकडा मात्र हिवाळ्यात जागेवर राहायचा नाही. उन्हाळा चांगला, पावसाळा चांगला, आणि दिवाळी झाली की खाली. इतका खाली की डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर झडप अडकेल, परत छाती उघडावी लागेल. घरी मी कुणाला सांगितलं नाही. परत त्या टेबलावर झोपण्यापेक्षा मेलेलं बरं, असं मनात यायचं.

तुम्ही दर वेळी विचारायचे, “ताई, गोळी चुकली?”

“नाही.”

“गुडघ्याला कुणी गोळी दिली? काढा, चूर्ण?”

“नाही.”

“हिरवी भाजी?”

“नाही हो भाऊ.”

आणि ते खरंच होतं. मेथी, पालक, पोकळा, सगळं माझ्या ताटातून गेलं होतं. कोथिंबिरीची काडीसुद्धा मी वेचून बाजूला ठेवायची. तुम्ही माझ्यावर कधी खोटं बोलल्याचा आळ घेतला नाही. नुसते डोकं खाजवायचे. “हिवाळ्यात तुमच्या रक्ताला काय होतं हो, थंडी वाजते का?”

मग त्या वर्षी दवाखान्यातल्या लोकांनी शेतात भरिताचं जेवण ठेवलं आणि करायला मला बोलावलं. मला काय माहीत तुमचीच मंडळी आहे. मी हिवाळाभर भरिताच्या ऑर्डरी घेते हेही तुम्हाला माहीत नव्हतं. मी कपाशीच्या काड्यांवर बामणोदची वांगी भाजत बसले होते, तोंड धुराने काळं, आणि तुम्ही समोर. मी पदर डोक्यावर ओढला. तुम्ही मात्र माझ्या पुढ्यातल्या ढिगाकडे बघत उभे राहिले. कांद्याच्या पातीचा ढीग, माझ्या गुडघ्याएवढा. त्यातली मूठभर मी भरितात घालत होते आणि एक-एक काडी मिरचीबरोबर तोंडात टाकत होते. कोवळी पात समोर असताना हात थांबतो का?

“ताई, हे काय आहे?”

“पात.”

“ही तुम्ही रोज खाता?”

“हिवाळ्यात रोज. भरीत रोजच असतं.”

“मग हिरवी भाजी खात नाही असं का सांगितलं?”

“ही भाजी कुठे आहे? हा कांदा आहे.”

तुम्ही पातीची एक काडी उचलून उन्हात धरली. “आणि ह्याचा रंग?”

मी म्हटलं, “रंग हिरवाच आहे. पण आहे कांदा.”

तुम्ही शेताच्या बांधावर बसून इतके हसले की तुमची मंडळी धावत आली. मला वाटलं, आता भरीत बंद. माझं काम गेलं, माझा हिवाळा गेला. पण तुम्ही डोळे पुसून म्हणाले, “चूक तुमची नाही, माझ्या प्रश्नाची आहे. खानदेशातल्या बाईला हिरवी भाजी विचारली, भरीत विचारलं नाही. भरीत सोडू नका. फक्त एक करा, रोज जेवढं खाता तेवढंच खा. एक दिवस ढीग आणि एक दिवस काही नाही, असं नको. गोळी मी भरिताप्रमाणे बसवतो, डॉक्टरांना विचारून.”

आणि बसवली. त्या हिवाळ्यात दोन-तीन मंगळवार इकडेतिकडे झाले आणि मग एके दिवशी टेबलावर थाप पडली. “जागेवर! भरितासकट जागेवर!” मला वाटलं धरणीने पोटात घ्यावं, इतकी लाज वाटली. पण भाऊ, बसस्टँडपर्यंत मी चालत गेले आणि वाटेत कुठेच दम लागला नाही. परत छाती उघडायची भीती त्या दिवशी गेली, ती अजून परत आलेली नाही. त्यानंतर तुम्ही प्रत्येकाला विचारायला लागले, भरीत किती, पात किती, कोथिंबीर किती. कोणी हसलं की म्हणायचे, “हसू नका, ह्यात एका बाईचं काळीज अडकलं होतं.”

आता भांडणाचं. ते सुरू झालं सुकलालआबांमुळे. सातपुड्याच्या पायथ्याचे, चोपड्याकडचे आबा. त्यांचीही झडप धातूची. एका मंगळवारी सुनेने त्यांना धरून आणलं, तोंड एका बाजूला वाकडं, हात लटकलेला. गोळी सोडली होती. त्यांना लगेच वर न्यायचं होतं, स्ट्रेचर यायचं होतं, तेवढ्यात तुम्ही गुडघ्यावर बसून विचारलं, “आबा, का सोडली गोळी?”

आबांची जीभ जड झाली होती. तरी बोलले. “तूच सांगेल शे ना भाऊ. रगत पातय करानी गोयी शे म्हणीसन. पातय रगतना माणूस डोंगर कसा चढी? मोहना फुलं येचाले कोन जाई?”

स्ट्रेचर गेलं. तुम्ही खुर्चीत बसले आणि पेनाचं टोपण काढत-लावत राहिले. आणि मी, जी बाई कधी ‘हो’ आणि ‘नाही’ याच्या पुढे गेली नाही, ती मी बोलले. “भाऊ, तुमचा शब्द चुकतो.”

“कोणता?”

“पातळ. धुळ्याकडे, माझ्या माहेरी, बाळंतीण उठू शकत नसली की म्हणतात, तिचं रगत पातय झालं. पांढरी फटक पडली, हंडा उचलवत नाही, ती पातळ रक्ताची. अशी गोळी कोण सुखाने घेईल?”

“ताई, शब्द माझा नाही. सगळीकडे हाच चालतो.”

“तुम्ही सावद्याचे ना? केळीच्या बागेत ठिबकची नळी तुंबते, तेव्हा औषध सोडता. पाणी पातळ करायला सोडता का?”

“पाणी पातळच असतं.”

“मग रक्तही असू द्या ना जसं आहे तसं. गोळी फक्त तुंबू देत नाही. वाहती गोळी म्हणा.”

बाकड्यावरची एक म्हातारी म्हणाली, “खरं शे. पातय ऐकं का मले त लुगडंच याद येस.” सगळे हसले. तुम्हीही. पण मान्य नाही केलं. म्हणाले, “वाहती म्हटलं तर लोकांना वाटेल रक्त वाहणार. बायका तर महिन्याच्या पाळीच्या भीतीनेच गोळी फेकून देतील.”

तरी तुम्ही जिंकले असं मला वाटलं नाही.

मग दर पाळीला तुम्ही बोट टोचता टोचता विचारायचे, “काय ताई, आज कोणता शब्द?” आणि मी घरी भाकऱ्या थापताना जमवलेला शब्द सांगायची. मी म्हटलं, मोकळी गोळी. तुम्ही म्हणाले, “पोट साफ करायची समजतील आणि रात्री घेऊन सकाळी मला शिव्या देतील.” मी म्हटलं, न गोठवणारी. तुम्ही म्हणाले, “खिडकीतून ओरडायला फार लांब आहे, तेवढ्यात माणूस निघून जाईल.” मी म्हटलं, पाटकरी गोळी, पाटाचं पाणी चालू ठेवणारा असतो तसा. तुम्ही म्हणाले, “पाटकरी तुमच्या गावात पाणी सोडत असेल, आमच्याकडे तर तो अडवतो.” मी चिडायची. घरी येऊन ह्यांना सांगायची, हा माणूस हरतच नाही. हे म्हणायचे, “तू इतकी बोललीस? तू?”

इकडे आबा बरे झाले. तोंड सरळ व्हायला वेळ लागला, पण झालं, आणि गोळी परत सुरू झाली. त्यांची पाळी वेगळी आणि माझी वेगळी, त्यामुळे पुढे आमची गाठ पडली नाही. माझ्या मनात एवढंच राहिलं की एका शब्दाने माणूस जाता जाता राहिला, आणि तरी भाऊ ऐकत नाहीत.

शेवटच्या पाळीला तुम्ही जरा उतरलेले दिसत होते. मला विचारायचं होतं, तब्येत बरी आहे ना. विचारलं नाही. सगळ्यांची तब्येत विचारणाऱ्या माणसाला उलटं विचारायला मला संकोच वाटला. तुम्ही म्हणाले, “ताई, यंदा भरिताला बोलवा. माझ्या भीतीने पात कमी घालू नका. आणि शब्दाचं आपलं राहिलंय.”

मी म्हटलं, “तुम्ही हरल्याशिवाय भरीत नाही.”

“मग उपाशीच राहतो,” तुम्ही म्हणाले.

हेच आपलं शेवटचं बोलणं. भाऊ, तुम्ही माझ्या हातचं उपाशी गेले. तुमच्या घरी आले तेव्हा भाभींच्या शेजारी बसून मला हेच आठवत होतं. त्यांच्या हातावर हात ठेवून बसले.

आणि काल मंगळवार. मला वाटलं दोन-चार माणसं असतील. खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. ज्यांची पाळी नव्हती तेही आले होते, यावलचे, पारोळ्याचे, मेहरूणमधले आमचे शेजारी. खुर्चीत तुमच्या हाताखाली शिकलेली ती चष्मेवाली मुलगी बसली होती, डोळे सुजलेले. सुकलालआबा पुढच्या बाकड्यावर होते. ते उठले, दार लावलं आणि म्हणाले, “भाऊसाठे जराखा गप उभं ऱ्हावा रे बठ्ठा जण.”

आम्ही उभे राहिलो. आणि खोली वाजायला लागली. भिंतीपासून भिंतीपर्यंत. हळू, जोरात, अडखळत, धावत. मी पदराला हात लावला नाही. गोळी बसवून तुम्ही राखलेली एवढी माणसं, आणि एकही बंद पडलेलं नाही. रडू आलं, पण भाऊ, छाती अशी भरून आली की मला ते दुःख म्हणता येणार नाही. पोळ्याला सगळे बैल एकदम पहिले आल्यासारखं वाटलं.

मग काम सुरू झालं. वरणगावकडची एक तरणी बाई होती, नुकतंच ऑपरेशन झालेली, कडेवर लेकरू. तिने घाबरत विचारलं, “मॅडम, ही रक्त पातळ करायचीच गोळी ना? आमच्याकडे म्हणतात, लेकराला दूध पाजणारीने रक्त पातळ करू नये.”

मुलगी तोंड उघडणार, तोच आबा ओरडले, “पातय नही व पोरी! चालती गोयी शे ती!”

चालती? हा शब्द तर मी कधी सांगितला नव्हता.

मुलगी हसली, रडतारडता. “हो, चालती गोळी. सर प्रत्येक नव्या पेशंटला हेच सांगायचे. रक्त तुमचं जसं आहे तसंच राहतं, फक्त चालतं राहतं. बाळाला दूध पाजा तुम्ही, काही होत नाही.”

आबांना श्रोता मिळाला होता, ते थांबेनात. म्हणाले, “भाऊनीच सांगेल शे मले. मेहरूणनी एक भरीतवाली बाई शे म्हणे. ती म्हने वाहती, भाऊ म्हने नही. मोठं भांडन. त्या भांडनमाईन हाई चालती निंघनी. पन भाऊ म्हने, तिले सांगू नका आबा.”

कोणीतरी विचारलं, “का बरं?”

“का म्हणजे? भाऊ म्हने, ती बाई कोणशीच बोलत नही. भांडन चालू शे तंवर बोलस. ती जितनी त भांडन सरी जाई, आन् मंग ती परत गप बसी जाई.”

भाऊ, काय केलं हे तुम्ही! माझ्यासमोर प्रत्येक शब्दाला नाक मुरडत होते आणि माझ्या पाठीमागे डोंगरापर्यंत पोहोचवत होते. आणि ‘वाहती’तली खोट काढून, नीट करून. रक्त वाहणार ही भीती त्यात नाही, आणि माणूस पडून राहणार हीही नाही. चालती. आबा डोंगर चढू शकतात अशी गोळी.

खोलीत सगळे त्या भरीतवालीबद्दल बोलत होते. मी दाराशी उभी होते. निघून जाता आलं असतं. माझी नेहमीची रीत तीच. पण तुमच्या खुर्चीकडे बघितलं आणि म्हटलं, “ती मीच.”

आबा वळले. मला वरपासून खालपर्यंत बघितलं. “तू? सकायपाईन गप उभी शे, मी त समजनू तू मुकी शे.”

“मुकी नही शे आबा,” मी म्हटलं. “आपली पाळी येगयेगळी पडस, म्हणीसन तुमले मालूम नही.”

असा हशा पिकला की शेजारच्या खोलीतले लोक डोकावून गेले. ती तरणी बाई माझ्याजवळ सरकली आणि हळूच विचारलं, भरीत खाल्लं तर चालेल का. मी तिला पातीचं सगळं सांगितलं, रोज सारखं खायचं ते, आणि गोळीचं मॅडमला विचारून. ती मुलगी ऐकत होती. मान हलवत होती. मी किती वेळ बोलत होते कोण जाणे.

मग माझं बोट. थेंब. मुलगी आकड्याकडे बघत राहिली. तिला टेबलावर थाप मारायला संकोच वाटत असावा, मला कळत होतं ते. तिने हळूच आकडा सांगितला. आणि बाकड्यावरून, दारातून, खिडकीबाहेरून एकदम आवाज आला, “जागेवर!” आबांनी हातातली काठी फरशीवर आपटली.

येत्या रविवारी मी भरीत करणार आहे. भाभींना सांगून आले, त्या येतो म्हणाल्या. मंगळवारची सगळी मंडळी येणार आहे. पात नेहमीइतकीच घालणार, तुमच्या भीतीने कमी नाही आणि तुमच्या आठवणीने जास्त नाही. पहिलं ताट तुमचं वाढून ठेवेन. उपाशी राहायचा हट्ट आता सोडा.

भांडणात कोण जिंकलं, हे मात्र मी सांगणार नाही. सांगितलं की ते संपेल.